मामांच्या बोटीचा इंजिनिअर

दोष मामांचा. दुसरा कोण शोधत बसू नका. उचगावात वर्कशॉप असलेल्या माणसानं रत्नागिरीला शिडाची जुनी बोट घेतली. मी डिप्लोमा अर्ध्यात सोडला, कारण मामा म्हणाले, "कागुद घिऊन काय करतोस? गोव्याला जाताना इंजिनिअर तूच की." त्या एका फेरीसाठी मी दर रविवारी मलकापूरवरनं रत्नागिरी गाठायचो. असल्या ठिकाणी किस्से साचतात. बोटीच्या बुडात पाणी साचतं तसे. उपसून टाका, परत हायतच.

*

इंजिन तापायचं. समुद्राचं पाणी आत ओढूनच ते गार राहतं. मी पाइप खोलले, पंप खोलला. शेवटी कळलं, पाणी आत घ्यायचा व्हॉल्व्ह मामांनीच बंद केलेला.

मामा म्हणाले, "बोटीत पाणी घेणारा शाणा पैल्यांदाच बघतोय!"

धक्क्यावरचे सगळे हसले. तोवर तापून इंजिनाचं हेड वाकलं होतं, त्याला कोणी हसलं नाही.

*

मामांचे दोस्त तात्या. इचलकरंजीत मागाच्या मोटारी दुरुस्त करण्यात हयात गेली. बोटीतला फ्यूज सारखा उडतोय म्हणून त्यांनी तिथं जाड तार गुंडाळली. मग फ्यूज उडाला नाही. वायरिंग जळालं. तात्या म्हणाले, वायर हलकी होती. मामांनी मान डोलावली.

*

पाण्याखाली पंख्याच्या दांड्याला जस्ताचा तुकडा लावतात. खारं पाणी त्या तुकड्याला खातं आणि दांडा वाचतो. दसऱ्याला बोट पाण्यात सोडण्याआधी मामांनी त्यालाही लाल ऑइलपेंट मारला. मी सांगितलं, हा झिजण्यासाठीच असतोय.

"सणाला गंजकं ठेवायचं व्हय रं?"

शिमग्याला बोट वर ओढली, तर दांडा पोखरलेला. पावण्यारावळ्यांत मामा सांगत सुटले, भाच्याचं लक्ष न्हाय.

*

पूजेचा नारळ दगडावर फोडतात. मामांनी अल्टरनेटरवर फोडला. चार्जिंग बंद पडल्यावर म्हणाले, नारळच नासका निघाला.

*

एवढं सगळं दुरुस्त करून गोव्याचा दिवस उजाडला. मुहूर्त काढलेला. इंजिनाचा पट्टा सैल वाटला म्हणून मी खाली उतरलो. हात आत घालण्याआधी ओरडून सांगितलं, चावी लावू नका. मामा वरनं "व्हय" म्हणाले.

तात्यांनी घड्याळ बघितलं. मामांनी चावी फिरवली.

मला धक्क्यावर उतरवलं, हाताला टॉवेल गुंडाळला, रिक्षा थांबवली. सोबत कोण येतंय, मी विचारलं.

मामा म्हणाले, "दवाखाना काय पळून जातोय? मुहूर्त जाईल."

बोट वेळेवर सुटली.

माझा उजव्या हाताचा अंगठा गेला.