गोष्टीसकट रायफल

डॅरेल स्ट्राउडला माणूस म्हणायचं ते दोन पाय आहेत म्हणून. लष्कराने मोडीत काढलेल्या रायफली हा पेट्याच्या पेट्या उचलतो आणि इंटरनेटवर लिलावाला लावतो. त्यांचं जुनं ग्रीस वितळावं म्हणून लाकडी दस्ते बायकोच्या ओव्हनमध्ये भाजतो. नाताळच्या टर्कीलासुद्धा वंगणाचा वास! धंद्याबद्दल माझी तक्रार नाही. मीही इथे ओहायोत बंदुकांचंच दुकान चालवते, परराज्यातल्या माणसाला बंदूक विकायची तर ती परवानाधारक दुकानातूनच द्यावी लागते, म्हणून त्याच्या गिऱ्हाइकांचे सरकारी कागद माझ्याच टेबलावर होतात. माझं डोकं फिरतं ते त्याच्या थापांनी. मेला प्रत्येक रायफलीला एक हुतात्मा चिकटवतो.

"लोक लोखंड विकत घेत नाहीत, मार्था, गोष्ट घेतात," असं वर मलाच शिकवतो.

हुतात्मे संपले तेव्हा त्याने सख्ख्या बापाला कामाला लावलं. एल्वुड कोरियाच्या लढाईत होता, पण भटारखान्यात. आता विकायला काढलेली रायफल म्हाताऱ्याने घरी परतल्यावर घेतली होती, हरणं मारायला. लिलावात डॅरेलने काय लिहावं? 'याच रायफलीने माझ्या वडिलांनी एकट्याने टेकडी राखली.' अहो, सैनिक आपली रायफल जमा करूनच घरी येतो, हे शेंबडं पोरही सांगेल! तरी टेनेसीच्या गॅडिस नावाच्या भल्या माणसाने बोली जिंकली, आणि शूरवीराला भेटायचं म्हणून गाडी हाकत थेट माझ्या दुकानात आला.

डॅरेल बापाला घेऊन आला. दारातच त्याच्या कानाशी लागला, "बाबा, नुसती मान हलवा. पाच मिनिटांचं काम आहे."

गॅडिस टोपी काढून उभा राहिला. "सर, दस्त्यावर तुमची सही मिळेल का?"

एल्वुडने पेन हातात घेतलं. मला वाटलं, झालं, हाही बुडाला. पण त्याने पेन खाली ठेवलं.

"मी स्वयंपाकी होतो हो," तो म्हणाला. "टेकडीवर जाणाऱ्या पोरांना अंडी वाढायचो. दुसऱ्या दिवशी रांगेत निम्मी दिसायचीच नाहीत. त्यांनी केलेलं मी माझ्या नावावर कसं घेऊ?" आणि म्हातारा भर दुकानात रडला.

गॅडिसने रायफल घेतली नाही. एल्वुडचा हात मात्र बराच वेळ धरून ठेवला.

"जरा गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?" डॅरेल गाडीत बसेपर्यंत बापावर करवादत होता. घरी जाऊन लाज वाटेल त्याला, असं मी समजले. मूर्खच मी.

पुढच्याच आठवड्यात रायफल पुन्हा लिलावात! 'मेलेल्या सोबत्यांसाठी आजही रडणाऱ्या स्वयंपाक्याची रायफल.' शेजारी एल्वुडचा रडतानाचा फोटो. माझ्याच दुकानात, माझ्या नाकासमोर काढलेला. बोली आधीपेक्षा चढी गेली. मी कागद करायला साफ नकार दिला, तर पलीकडच्या गावातल्या दुकानदाराने ते हसत हसत करून दिले.

आमच्याकडचे म्हातारे सैनिक मंगळवारी एकत्र कॉफीला बसतात. तिथे कोणीतरी तो फोटो सगळ्यांना दाखवला. त्यानंतर एल्वुड तिकडे फिरकला नाही. दुकानातही येत नाही. परवा डॅरेल भेटला तेव्हा विचारलंच मी, बाप कुठे आहे म्हणून.

"वय झालंय त्यांचं," तो म्हणाला. "हल्ली माणसं नको वाटतात त्यांना."