हिरव्या लुगड्याची पट्टी

सणसरच्या चंद्राबाईला बारामतीच्या दवाखान्यात पगार नाही की बसायला खुर्ची नाही. तरी आठवड्यातून दोनदा ती एसटीनं येते आणि आयसीयूच्या बाहेर, जिथं नातेवाईक पिशव्या उशाला घेऊन दिवस काढतात, तिथं भिंतीला टेकून बसते. आतलं माणूस डॉक्टर सांभाळतात, बाहेरचं ती सांभाळते. कुणाला चार घास खायला लावते, कुणाला नुसतं रडू देते. पेशंट घरी गेला, की मागाहून त्याच्या घरीही जाऊन येते. घरी आला म्हणजे सुटला, असं लोकांना वाटतं. खरी चढण तिथूनच लागते, हे तिला ठाऊक आहे.

डाळजच्या सर्जेरावांकडं ती अशीच गेली. निमोनियानं त्यांना एकोणीस दिवस आत ठेवलं होतं, घशात नळी घालून. घरी येऊन महिना झाला, पण बायकोच्या, ठमाबाईच्या हातचं ते खात नव्हते. सून सुप्रिया करून वाढायची तेवढंच जेवायचे. आणि सुप्रिया उद्या बाळंतपणाला माहेरी निघाली होती.

"हिनं माझं हात बांधलं व्हतं," सर्जेराव ओसरीवर बसून चंद्राबाईला सांगू लागले. "हिरव्या लुगड्यानं. बैलागत बाजारात इकाय न्हेत व्हती मला."

"आवं, कुनी न्हाय बांधलं. सपान पडलं तुमाला," ठमाबाई आतून म्हणाली. महिनाभर ती हेच म्हणत होती.

चंद्राबाईचा नवरा झुंबर दवाखान्यातून असाच घरी आला होता. नळी उपसू नये म्हणून त्याचेही हात आत बांधले होते, कागदावर सही तिनंच केली होती. त्यानं विचारलं, तेव्हा त्याच्या जिवाला लागू नये म्हणून ती 'न्हाय' म्हणाली. मनगटावरचे वळ तर त्याला दिसत होते. पुढं दोन वर्षं तो तिच्याकडं पाठ करून झोपला, आणि गेला तोही तसाच.

ती उठून चुलीपाशी गेली. "ठमाबाई, बांधलं व्हतं ना?"

ठमाबाईचे हात पिठातच थांबले. "दोनदा नळी उपसली त्यांनी. सिस्टरनी माझी सही घिऊन पट्ट्या बांधल्या. कातडं सोलाय लागलं, म्हनून मी जुनं हिरवं लुगडं फाडून खाली मऊ घडी घातली. अक्का, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

"मी बी न्हायच म्हनलं व्हतं. मरस्तवर त्यो मला खोटी समजला. आन् मी व्हतेच खोटी." चंद्राबाई तिच्याशेजारी बसली. "लुगड्याची पट्टी ठिवलीस का?"

ट्रंकेच्या तळाशी ती होती. ठमाबाईनं ती सर्जेरावांच्या मांडीवर ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सही कुणी केली, तेही.

सर्जेरावांनी पट्टी मनगटाला लावून पाहिली.

"मग महिनाभर मला येडं का ठरीवलंस?" त्यांचा आवाज फाटला. "मला वाटलं, डोस्कंच गेलं माझं."

"चुकलं माझं."

"आन् बाजाराचं?"

"ते मातूर सपानच. तुमाला कोन घेनार? दात बघूनच माघारी धाडत्यात."

सर्जेरावांच्या घशातून काहीतरी निघालं. खोकला की हसू, कळलं नाही. "तव्यावरची करपाय लागली बघ," ते म्हणाले.

ठमाबाईनं करपलेली बाजू खाली करून भाकरीचं ताट पुढं ठेवलं. सर्जेरावांनी भाकरी उलटून पाहिली आणि त्याच बाजूनं तुकडा मोडला.

चंद्राबाई पायरीखाली आपल्या चपला शोधत होती. समोरच होत्या, पण तिला लवकर दिसल्या नाहीत.