रिकामा डबा

कॉमन हा शब्द मला शाळेत जायच्या आधीपासून येतो. लालबागच्या आमच्या चाळीत गॅलरी कॉमन, नळ कॉमन, संडास कॉमन. कॉमन म्हणजे सगळ्यांचं, म्हणून झाडायची पाळीही सगळ्यांची. बाकीचे अर्थ कॉलेजात कळले. आमच्या घरात बारावीपुढे गेलेली मीच पहिली, विचारायला कोणी नव्हतं. तास नसला की बसायची ती कॉमन रूम. आणि दुकानात मुली एखादा कुर्ता "कॉमन आहे" म्हणून परत ठेवत, म्हणजे तो कोणीही घालतं, म्हणून नको.

हे मला समजावून सांगणारी एक मैत्रीण होती. दादरला ब्लॉकमध्ये राहायची. एकदा आमच्या घरी आली, तिच्या आईने दिलेला केक स्टीलच्या डब्यात घेऊन. जिन्याजवळचा खिळा तिने तेव्हाच पाहिला. बाहेर जाताना सगळे आपापल्या खोलीची किल्ली त्यावर अडकवतात. किल्ल्यांवर नावं नाहीत, तरी चूक होत नाही. पाणी आलं की जी बाई घरी असेल ती इतरांच्या खोल्या उघडून पिंपं भरून ठेवते.

समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी त्या खिळ्यावर लिहिलं. पण 'एका चाळीत' असं लिहिलं. आमची म्हणायचा धीर झाला नाही. तिने वही वाचायला मागितली, मी दिली. मागितलं की द्यायचं, एवढंच मला माहीत होतं.

वर्गात प्रकल्प मांडायला तिचा नंबर आधी आला. तिने खिळा सांगितला, पिंपं सांगितली, सगळं "मी पाहिलेली एक चाळ" म्हणून. नंतर माझी वही वाचताना सर दुसऱ्या पानावर थांबले. मुद्दे कॉमन कसे, असं त्यांनी विचारलं. मी तिच्याकडे पाहिलं.

"सर, चाळी सगळ्या सारख्याच असतात ना," ती शांतपणे म्हणाली. "कॉमनच येणार."

ते माझं घर आहे, एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. नाही बोलले. मी बोलणार नाही याची तिला खात्री होती, कारण माझी लाज फक्त तिलाच माहीत होती. सरांनी मला शून्य दिलं.

घरी आईने तिचा डबा काढून ठेवला होता. आलेला डबा आमच्याकडे रिकामा परत जात नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. आईने रव्याचे लाडू भरले.

"तिला सांग, तूप जरा कमी पडलंय."

मी हो म्हटलं. सकाळी निघताना लाडू शेजारच्या काकूंना दिले, नळावर डबा घासला, पुसून पिशवीत टाकला. आमच्या चाळीत कुणी असा डबा परत केला असता, तर त्या दोन घरांचं बोलणं तिथेच संपलं असतं.

कॉमन रूममध्ये मी तो तिच्यापुढे ठेवला. तिने झाकण उघडून आत पाहिलं. मी वाट बघत उभी राहिले.

"अय्या, धुऊनपण आणलास," ती म्हणाली. "थँक्यू गं."