उतारावरची न्यूट्रल

अंकुशमामा गाडीत बसण्याआधी चपला काढून मागच्या सीटसमोर ठेवत आणि अनवाणीच गाडी चालवत. कोणी हसलं तर म्हणत, "किती दाबलंय ते अंगठ्याला कळाय पायजे."

धाराशिवच्या एका बियाणे कंपनीत ते ड्रायव्हर होते. त्याआधी पंचवीस वर्षं त्यांनी परंडा–कुर्डुवाडी रस्त्यावर जीप चालवली. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, त्याच कंपनीत नव्याने लागलो होतो. पहिल्या दिवशी कोपऱ्यात डबा उघडला, तर मामा शेजारी येऊन बसले. "सर, शिकलेली माणसं भिंतीकडं तोंड करून जेवत्यात व्हय?"

पुढे कंपनीने हायब्रीड गाडी घेतली, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. लिटरला बावीस देईल असं साहेबांना सांगितलं होतं. मामांच्या हातात ती सोळाच्या वर जाईना. एका सोमवारी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मामा, पेट्रोल गाडीच पिते, की आणखी कोणी?" दोघंतिघं हसले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही.

दुसऱ्या दिवशी मामांनी गाडीचं इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. "वाचा. न्हाय कळलं तर परत वाचा."

मी वाचत गेलो. वेग वाढवून झाला की पाय हलका करायचा. थांबायचं असेल तर लांबूनच हळू ब्रेक लावायचा. त्यात बॅटरी भरते आणि पेट्रोल वाचतं. न्यूट्रलमध्ये मात्र ती भरत नाही.

मामांनी हात वर केला. "थांबा. उतारावर बी?"

"उतारावर तर करूच नका म्हणतंय."

जीपच्या दिवसांपासून प्रत्येक उताराला ते गाडी न्यूट्रल करत आले होते. डिझेल वाचतं म्हणून. त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "म्हंजी लई इमानदारीनं चुकलो की."

पुढचे पंधरा दिवस त्यांनी जुनी सवय मोडली. हात आपोआप गिअरकडे गेला की स्वतःलाच दटावायचे, "ए, ही जीप न्हाय!" मग त्यांनी साहेबांनाच शेजारी बसवलं. येरमाळ्याला जाऊन परत येईपर्यंत आकडा तेवीसवर गेला होता.

कार्यालयात आल्यावर मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझीच हुती, साहेब. उतारावर न्यूट्रल करत हुतो. चोरी न्हवती." आणि चावी टेबलावर ठेवली.

साहेब गडबडले. "अहो मामा, आता कुठं निघालात? आता तर संशय उरला नाही."

"तुमचा संशय आकडा बघून गेला. माझ्याकडं बघून गेला असता तर थांबलो असतो."

नवा ड्रायव्हर येईपर्यंत ते चार दिवस थांबले. त्याला येडशीपर्यंत नेलं, न्यूट्रल न करता उतार कसा उतरायचा ते दोनदा दाखवलं, आणि दुपारच्या एसटीने परंड्याला निघून गेले.