लिंकनंतरच्या ओळी

रूथ साळवे नागापूर एमआयडीसीतल्या एका लहानशा कंपनीत कामाला आहे. लोकांनी फेसबुकवर लिहिलेल्या मजकुरातून लिंका काढून टाकायच्या आणि शब्द तेवढे ठेवायचे, हे तिचं काम. लाखभर पोस्ट हाताने कोण साफ करणार? तिने कोडची एक ओळ लिहून ठेवली होती: http दिसलं की तिथपासून ओळ संपेपर्यंत सगळं पुसायचं. तिच्याकडे येणाऱ्या मजकुरात लिंक शेवटीच असायची, त्यामुळे चार वर्षांत कधी काही बिघडलं नाही.

तिचे वडील अब्राहाम सर पुणतांब्याला शिक्षक होते. थोरला मुलगा जोशुआ बारा वर्षांचा असताना गोदावरीत बुडाला. त्यानंतर घरात त्याचं नाव निघालं नाही. निवृत्तीनंतर सर फेसबुकवर रोज लिहू लागले आणि जोशुआबद्दलही लिहितात, असं रूथच्या कानावर आलं. तिने ते वाचलं नाही. वडील घरात जे बोलत नव्हते, ते चारचौघांत वाचणं तिच्या जिवावर येई.

सर गेले. पुढे त्यांच्या वाढदिवसाला लोक 'शतायुषी व्हा' असं लिहू लागले, तेव्हा आई साराबाईने ते खातंच बंद करायला सांगितलं. रूथने सगळं लिखाण एका फाइलमध्ये उतरवून घेतलं आणि खातं कायमचं बंद केलं. पहिल्या स्मरणदिनाला त्याची पुस्तिका छापून चर्चमध्ये वाटायची, असं ठरलं.

तीन महिन्यांनी तिने फाइल उघडली. जिकडेतिकडे लिंका दिसल्या, म्हणून नेहमीची ओळ चालवली आणि त्याच फाइलवर सेव्ह केलं. मग वाचायला घेतलं, तर जवळपास सगळं कोरं. सर सुरुवातीलाच एखाद्या गीताची लिंक टाकत आणि पुढे एंटर न दाबता एका दमात लिहीत, म्हणजे कोडच्या लेखी अख्खी पोस्ट एकच ओळ. उरलं होतं ते 'सुप्रभात' आणि नाताळच्या शुभेच्छा. दुसरी प्रत नव्हती. खातं परत मिळवायची मुदतही उलटून गेली होती.

तिने सरांचे जुने विद्यार्थी सूर्यभान यांना फोन लावला. ते सरांचं सगळं वाचायचे.

"जोशुआवर लई लिहिलं हुतं सरांनी," ते म्हणाले. "मी रडलो हुतो. पन आता काय आठवतंय, ताई? पोरानं पान्यात उतरताना चपला काठावर जोडून ठेवल्या हुत्या. सरांनी त्या जपून ठेवल्यात, असं कायतरी हुतं."

रूथने आईला सगळं सांगितलं. आपली चूकही आणि चपलांचंही.

"कुठं ठेवल्यात?" एवढंच साराबाईने विचारलं.

ते सूर्यभानना आठवत नव्हतं. दोघींनी माळा, ट्रंका, सरांची शाळेतली पेटी, सगळं उपसलं. काही मिळालं नाही. स्मरणदिनाला वाटायला पुस्तिका नव्हती, म्हणून पाळकांनी रूथला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उभी राहिली, जोशुआचं नाव घ्यावं म्हणून आईकडे पाहिलं आणि न घेताच खाली बसली.