मनीप्लँटला घातलेला गूळ

मनीप्लँटला गूळ खाऊ घालणारी बाई अख्ख्या सातारा-सांगलीत मी एकटीच निघेन. आता माझ्या नाती खिडकीत काचेच्या बरण्या मांडून पाण्यात झाडं वाढवतात आणि मलाच शिकवतात, "आजी, आठवड्याला पाणी बदलायचं, बाकी काही घालायचं नाही." मी मान डोलवते. घातलं तर काय होतं ते मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण ते सांगायचं तर सासऱ्यांची गोष्ट सांगावी लागते. आता ते नाहीत, सासूबाईही नाहीत, तेव्हा सांगून टाकते.

लग्न होऊन साताऱ्याला आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. वडील सांगलीच्या पेठेत गुळाचे व्यापारी, त्यामुळे जगातल्या कुठल्याही दुखण्यावर गूळ हेच औषध, हे मी आईच्या दुधाबरोबर शिकलेले. नवरा फौजेत. लग्नानंतर महिन्याभरात तो सीमेवर निघून गेला. घरात सासू, सासरे आणि मी. सासरेही फौजेतूनच सुभेदार होऊन निवृत्त झालेले.

एकाहत्तरचं युद्ध होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या दिवसांत साताऱ्यात ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्या रेडिओवर बाटलीत मनीप्लँट. तो चोरून आणला तरच लागतो असं म्हणत. मी शेजारच्या मास्तरीणबाईंकडे हळदीकुंकवाला गेले आणि ओटीतल्या हरभऱ्यांबरोबर पदराखाली एक फांदी घेऊन आले. आता बाटली हवी. माळ्यावर सासऱ्यांच्या रमच्या रिकाम्या बाटल्या रांगेत उभ्या होत्या. एकीवरचा कागद नखानं खरवडून काढला, पाणी भरलं, फांदी सोडली आणि बाटली मधल्या खोलीच्या खिडकीत ठेवली. खिडकीखाली सासऱ्यांची बाज होती.

रम त्यांनी आमच्या लग्नाआधी सोडली होती. नुसती सोडली नव्हती, गावदेवीपुढं नारळ ठेवून शपथ घेतली होती. आणि सासूबाईंनी तिथंच, गुरवाच्या देखत, बजावलं होतं, "पुन्यांदा वास आला तर मी विट्याला भावाकडं जानार. परत यायची न्हाई." त्या बोलायच्या ते करायच्या, हे सासऱ्यांना तीस वर्षांच्या संसारात पुरतं कळलेलं.

महिना गेला. माझ्या वेलाला एकच पान आलं, तेही उंदराच्या कानाएवढं. मास्तरीणबाईंचा वेल तोवर भिंतीवरच्या कॅलेंडरला पोचला होता. मी विचार केला. शेताला शेणखत घालतात, पण मधल्या खोलीत शेण कसं घालायचं? मग सुचला गूळ. पहिल्या दिवशी सुपारीएवढा खडा टाकला. दुसऱ्या दिवशी पान जराही वाढलं नाही, म्हणून लिंबाएवढा टाकला. मुंग्या लागू नयेत म्हणून वेलाभोवती बाटलीच्या तोंडाला चिंधीही गच्च बांधली. मी फार पुढचा विचार करते असं तेव्हा मला वाटायचं.

वैशाखातलं ऊन होतं. चार दिवसांनी सासूबाई दुपारी गिरणीतून दळण घेऊन आल्या आणि पिठाचा डबा डोक्यावर तसाच ठेवून दारात थांबल्या.

"आवं, काय पिलाय?"

"च्या."

"च्याला असला वास येत न्हाई."

"मग च्या करनारीला इचार."

च्या करणारी स्वयंपाकघरात पोळपाटाच्या आड.

"तोंड उघडा," सासूबाई म्हणाल्या. अख्ख्या तुकडीला उभं-आडवं करणाऱ्या सुभेदारानं निमूट तोंड उघडलं. त्यांनी हुंगलं. "वेलदोडा खाल्लाय. कशापायी खाल्ला?"

आता जेवणानंतर वेलदोडा ते रोजच खात. पण त्या दिवशी तोच पुरावा ठरला.

संध्याकाळी मी चिंधी सैल केली आणि नाकात भपकारा गेला. मला सगळं कळलं. तेव्हाच सांगायचं की नाही? पण सांगितलं असतं तर माहेरचा गूळ, मास्तरीणबाईंकडची चोरी आणि माझी अक्कल, तिन्हींची एकदम वरात निघाली असती. मोरीत ओतावं तर सासूबाई घरभर हुंगत फिरत होत्या. मी चिंधी परत बांधली. म्हातारं माणूस आहे, दोन दिवस बोलणी खातील, असा हिशेब केला. बोलणी मला खायची नव्हती ना.

दुसऱ्या दिवशी नवराबायकोचं बोलणं माझ्यामार्फत सुरू झालं. दोघं बसलेले हातभर अंतरावर.

"सांग त्यांना, भाकरी वाढलीया."

"सांग तिला, भूक न्हाई. आनि म्या शपथ मोडल्याली न्हाई, हे बी सांग."

"सांग त्यांना, नाक माजं अजून हाय म्हनावं."

तिसऱ्या दिवशी सासूबाई पाहुण्यांत गेल्या होत्या. सासरे दिवसभर बाजेवर बसून होते. चौथ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी ट्रंक बाहेर ओढली आणि लुगडी भरायला लागल्या. विट्याच्या भावाचं सोनं गाळायचं दुकान तिकडं मद्रासला, घराला वर्षातले दहा महिने कुलूप. मी तसं म्हटलं तर म्हणाल्या, "किल्ली शेजारी असती." मग मी सासऱ्यांकडं बघितलं. ते दारात उभे होते, नजर जमिनीकडं. केवढा अपमान गिळतोय हा माणूस, असं वाटून मला रडूच फुटलं.

मी बाटली आणून ट्रंकेवर ठेवली. चिंधीची गाठ सुटता सुटेना. इतकी घट्ट मी कधी मारली होती कोण जाणे. शेवटी दातानं सोडली आणि रडत रडत गुळाचं सगळं सांगितलं. चोरी तेवढी वगळली.

सासूबाईंनी बाटली हुंगली. काळी पडलेली मुळं बघितली.

"सांगलीत झाडांस्नी गूळ घालत्यात?"

"नाही."

"मंग हितं कुनी शिकिवलं?"

मी चिंधी बोटाला गुंडाळायला लागले. त्या पदर सावरून नवऱ्याकडं वळल्या. "आवं, चुकलं माजं." त्या घरात हे शब्द मी त्या एकदाच ऐकले. ट्रंक आत गेली. बाटली स्वतः नेऊन त्यांनी उकिरड्यावर उपडी केली आणि दुपारी कोंबडं शिजवलं. सासरे मान खाली घालून जेवले. वाढताना सासूबाई दोनदा म्हणाल्या, "घ्या की अजून."

जेवणं झाल्यावर सासूबाई भांडी घेऊन परसात गेल्या. सासऱ्यांनी मला बाजेपाशी बोलावलं, परसाकडं एकदा बघून घेतलं आणि हळूच म्हणाले:

"पयले दोन दिस तुजी सासू खोटं बोलत हुती, सूनबाई. तिसऱ्या दिशी म्या म्हनलं, बाईमानसाला खोटं कशाला पाडायचं. एकच घोट घेतला. लय वंगाळ केली हुतीस बघ."