मामाला न ऐकू आलेली टिकटिक

माझ्या मामाच्या गॅरेजमध्ये गाडी नेली की बॉनेट नंतर उघडतं, आधी आपल्याला तोंड उघडावं लागतं. गाडीतून येणारा आवाज गिऱ्हाइकाने स्वतः काढून दाखवायचा, हा त्याचा नियम. तोही एकट्या चालवणाऱ्याने नाही, गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाने. टाय लावलेले साहेब भर रस्त्यात "घुर्र, घुर्र" करताना मी पाहिलेत, आणि त्यांच्या बायकोने "छे, काहीतरीच! खुळखुळ येतो तो," म्हणून त्यांना गप्प बसवलेलंही पाहिलंय. मामा अजिबात हसत नाही. पुढे बसणाऱ्याला एक ऐकू येतं, मागे बसणाऱ्याला दुसरं, त्यामुळे दोघांचं ऐकावं, असं त्याचं म्हणणं. मग लांब पेचकसाचं टोक तो इंजिनावर टेकवतो, लाकडी मूठ कानाला लावतो आणि दोन मिनिटांत दुखणं सांगतो. अख्खी गल्ली त्याला कानसेन म्हणते. शाळेत गाण्याच्या तासाला याला वर्गाबाहेर उभं करायचे, ही माहिती माझी आई, म्हणजे त्याची मोठी बहीण, लोकांना आवर्जून पुरवते.

आमची गाडी तीन लाख किलोमीटर पळालेली. बाबांनी गुडघ्यांमुळे चालवणं सोडलं तेव्हा आईने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ती हातात घेतली. पहिल्या महिन्यात तिने फाटकाचा डावा खांब पाडला, दुसऱ्या महिन्यात उजवा. तिसऱ्या महिन्यापासून मात्र ती मंगळवारी आणि शुक्रवारी चाळीस किलोमीटरवरच्या गावी शिवणकाम शिकवायला जाऊ लागली. त्या गावाला एकच बस, ती पोचते तेव्हा वर्ग सुटलेला असतो. गाडी गेली की वर्ग गेला, हे आईला पक्कं माहीत होतं. बाबांनाही माहीत होतं, पण त्यांनी कानावर हात ठेवले होते.

कारण महिनाभर गाडी आवाज करत होती. मोठ्या वर्कशॉपवाल्यांनी सांगितलं, इंजिनाच्या आतलं बेअरिंग गेलंय, सगळं उघडावं लागेल, त्यापेक्षा मोडीत काढा. बाबांना तेवढंच हवं होतं. "आता या वयात आपल्याला गाडी कशाला?" असं म्हणून त्यांनी मोडवाल्याला सोमवारी बोलावूनही टाकलं. आई म्हणाली, "आधी माझ्या भावाला दाखवायची." म्हणून शनिवारी सकाळी आम्ही तिघं मामाच्या दारात.

"भावोजी, तुम्ही आधी," मामा म्हणाला.

बाबांनी छाती भरून "धाड, धाड, धाड" केलं. एवढा आवाज गाडीने जन्मात काढला नव्हता.

"अहो, काहीतरी काय!" आई म्हणाली. तिने जीभ टाळूला लावून बारीक, भराभर टिकटिक केली. मी साधारण आईसारखंच काहीतरी केलं, पण ते जमलं नाही.

मामाने इंजिन सुरू केलं. पेचकस टेकवला, मूठ उजव्या कानाला लावली, मग डाव्या. जागा बदलली, पुन्हा उजवा कान. दोन मिनिटांची दहा झाली. शेवटी हात पुसत तो खाली बघून म्हणाला, "वर्कशॉपवाले बरोबर आहेत, ताई. बेअरिंगच आहे."

बाबा एकदम सैल झाले. आईचा चेहरा उतरला. ती गाडीपाशी गेली, आणि मला वाटलं आता ही रडणार. पण आई रडणाऱ्यांपैकी नव्हे.

"इंजिन चालू आहे," ती म्हणाली. "आत्ता या घटकेला टिकटिक येतेय. येतेय की नाही?"

मामा पुन्हा हात पुसायला लागला.

"मी तुला विचारतेय. तुला ऐकू येतेय का?"

"भावोजी म्हणाले धाडधाड, म्हणून मी..."

"ते राहू दे. तुला ऐकू येतेय का?"

मामाने इंजिन बंद केलं. "नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. जाडे आवाज येतात, बारीक येत नाहीत. गिऱ्हाइकं तोंडाने सांगतात त्यावर भागवतो." मग एकदम हळू, "कुणाला सांगू नकोस."

मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त त्याची दया आली. आईने दोन्हीपैकी काही केलं नाही. तिने त्याच्या हातातून पेचकस घेतला. "कुठे टेकवायचा ते दाखव. मी ऐकते."

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. मामाने इंजिन पुन्हा सुरू केलं; तो बोट दाखवायचा, आई कान लावायची. "इथे?" "नुसती घरघर." "इथे?" "आहे, पण लांबून." पुढच्या बाजूला, जिथे पट्टा फिरतो तिथे, आईने खूण केली, "इथे! अगदी कानात!" मामाने इंजिन बंद करून पट्टा उतरवला आणि अर्धं मिनिट पुन्हा सुरू केलं. टिकटिक गायब. आई ओरडली, "गेली!" पट्टा ताणून धरणारी एक छोटी पुली असते, मामाने ती बोटांनी फिरवून पाहिली आणि त्याचे डोळे चमकले. बोटांना त्याच्या अजून सगळं कळत होतं. "हिच्यातल्या गोळ्या झिजल्यात, ताई. खडखडतेय. इंजिन ठणठणीत आहे."

तासाभरात नवी पुली बसली. बाबा बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. ते उलटं नव्हतं, पण त्यांनी एकदाही पान उलटलं नाही. शेवटी त्यांनी खिशातून फोन काढला आणि मोडवाल्याला सांगितलं, "सोमवारी येऊ नका. बायकोला गाडी हवीय."

पुढच्या मंगळवारी आई वर्गाला निघाली ती नेहमीपेक्षा तासभर आधी. कारण विचारलं तर म्हणाली, वाटेत भावाकडे दोन गाड्या ऐकायच्या आहेत. मीही सोबत गेले. मामा एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "थांबा जरा, माझी बहीण आली, ती ऐकेल." गिऱ्हाइकाने विचारलं, "का, तुम्हाला नाही का ऐकू येत?"

"नाही येत!" मामा म्हणाला, तेही गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, आणि आईसाठी खुर्ची पुसायला लागला.